पाण्याखालचं खाचर

पाऊस पडो न पडो, ज्याला काडीचा फरक पडत नाही असा एकच शेतकरी आता मुळशी तालुक्यात उरला आहे, आणि मी त्याचा भाडेकरू आहे. पिरंगुटच्या बाजारामागे आमच्या घरमालकांचं दुमजली घर आहे. भावाभावांनी मिळून भाताची खाचरं विकली, तिथे पत्र्याची गोदामं उभी राहिली, आणि साठी ओलांडलेल्या या गृहस्थांनी दिवाणखान्यात काचेची लांबलचक टाकी आणून तिच्यात शेती सुरू केली. लोक टाकीत मासे पाळतात आणि शोभेला एखादं रोप खोचतात. यांचं उलट. मासे आहेत, पण चारच, आणि त्यांना ते ‘ढोरं’ म्हणतात. “शेण पडाया नको व्हय, सर? ढोरांबिगर रान कसं पिकायचं?”

दुकानदाराने सांगितलेली रोपांची लॅटिन नावं त्यांनी चपलांबरोबर दारातच काढून ठेवली. टाकीत आता ‘कोथिंबीर’, ‘तांबडी’ आणि ‘मागल्या बांधावरची’ एवढ्याच मंडळींचा मुक्काम आहे. लावणीसाठी मिळालेल्या लांब चिमट्याने मालकीणबाई पापड भाजतात. मालक लेंगा गुडघ्यापर्यंत खेचून, कमरेत वाकून, अंगठ्याने एकेक काडी चिखलात दाबतात आणि भातलावणीच्या सवयीने एकेक पाऊल मागे सरकतात. मागे सोफा आहे हे त्यांच्या पायांना अजून पटलेलं नाही. रोपांना वायू हवा म्हणून ते बाटलीत साखर आणि यीस्ट आंबवून नळीने बुडबुडे सोडतात. त्या वासावरून, जमीन गेल्यापासून हा माणूस घरातच गाळतो, अशी भावकीची खात्री झाली. मालकांनी ती खोडून काढली नाही. “दारू प्यालेली लोकांना कळतीया, सर. काचंत गवत लावल्यालं न्हाई कळत.”

माझा छळ वेगळा होता. मी शाळेतून वह्यांचा गठ्ठा घेऊन दमून यावं, आणि जिन्याखालून हाक यावी, “सर, या हो जरा!” नवं पान आलेलं असे. नखाएवढं. त्याच्यासमोर मला पंधरा मिनिटं उभं राहावं लागे. तीन वर्षांत मी जितकी पानं पाहिली, तितकी एखाद्या शेळीनेही पाहिली नसतील.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोघं नवराबायको मुलीकडे, सूसला गेली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. तिसऱ्या दिवशी पाणी हिरवं झालं, पाचव्या दिवशी ढोरं दिसेनाशी झाली. मग मी मोबाइलवर वाचून तज्ज्ञ झालो. रोपं आणि ढोरं बादलीत काढली, तळाचा काळा, कुबट चिखल खरवडून गटारात ओतला आणि दुकानातली पुडीतली माती सूचनेबरहुकूम अंथरली. सगळं पुन्हा जागच्या जागी लावलं. टाकी लखलखली. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

मालक आले. काळा चष्मा वर सरकवून त्यांनी टाकी पाहिली, मग कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला.

“माती कुटं हाय?”

मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी हात बाहेर काढून लेंग्याला पुसला. मालकीणबाईच म्हणाल्या, “सर, खाचरातली व्हती ती. ताबा दिला त्या दिशी घमेलंभर आणल्याली.”

मालक गटारापर्यंत जाऊन आले. गटार वाहतं होतं. आता नवं घर शोधायचं, अशा तयारीने मी उभा होतो. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “तुमाला काय म्हाईत. आमी सांगितलंच न्हाई.”

रोपं मेली नाहीत. मेली असती तर मला माफी तरी मागता आली असती. नव्या मातीत ती उलट फोफावली. पण आता जिन्याखालून हाक येत नाही. माझ्या वह्या वेळेत तपासून होतात.

काल मी आपणहून खाली गेलो. मालक सोफ्यावर बसले होते. लेंगा घोट्यापर्यंत खाली होता. “तांबडीला नवं पान दिसतंय,” मी म्हणालो.

“येत्यात की,” ते म्हणाले. “पुडीतली माती. तिच्यात कुनाचंबी पीक येतं.”

मग थोडं सरकून त्यांनी मला जागा केली, आणि आम्ही दोघं बराच वेळ ढोरांकडे पाहत बसलो.