खजुराचा गाभा
कोवळ्या खोबऱ्याचा वास आला की बहरीनमधल्या, मनामाबाहेरच्या आमच्या जुन्या घराची एक थंडीतली सकाळ आठवते. रात्रभर शमाल, म्हणजे उत्तरेचा वारा, सुटला होता आणि शेजारच्या म्हाताऱ्या बहरिनी बाईंच्या बागेतली निम्मी खजुराची झाडं आडवी झाली होती. सगळी त्यांच्या दिवंगत नवऱ्याने लावलेली. आम्ही दोघं नवराबायको कुंपणाशी उभे राहिलो. बाईंनी डोळे पुसले, एका पडलेल्या झाडाचा शेंडा माळ्याकडून फोडून घेतला आणि आतला पांढराशुभ्र गाभा कापून ताट आमच्यापुढे धरलं. “यल्ला, चलो, खाओ. आखिरी दिन भी ये पेड किसी को भूखा नहीं भेजेगा.” गाभा कोवळ्या खोबऱ्यासारखा गोड, करकरीत होता; वासही तसाच. पुढे इथे वादळं पुष्कळ पाहिली, अशी यजमानीण मात्र पुन्हा पाहिली नाही.