शुक्रवारचा पहिला लॉट

चाकणच्या त्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मालकांनी मला खुर्ची देण्याआधी मोबाइल दाखवला. उत्पादनाच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून त्यांनी एका फुकटच्या एआय ॲपवर चढवले होते आणि विचारलं होतं, 'माल कोण बिघडवतंय?' पानांवर कामगार बायकांची नावं होती, मोबाइल नंबर होते आणि शेवटच्या रकान्यात रजेची कारणं होती. एकीच्या नावापुढे तिच्या ऑपरेशनचं नाव सरळ लिहिलेलं होतं.

"हे कुठं गेलंय, ठाऊक आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? मोबाइलमध्येच आहे की."

"मोबाइलमध्ये नाही. कुठल्या तरी परक्या कॉम्प्युटरवर आहे आता. तुमच्या गिऱ्हाइकाचे पार्ट नंबरही गेले त्याच्याबरोबर."

गिऱ्हाइकाचं नाव निघाल्यावर ते खुर्चीत बसले. त्या बाईच्या ऑपरेशनचं त्यांना तेवढं वाटलं नव्हतं, हे मी मनाशी नोंदवून ठेवलं.

मी बरीच वर्षं हिंजवडीत नोकरी केली. मग ती सोडली आणि लहान कारखान्यांसाठी एकटीच सॉफ्टवेअर लिहायला लागले. माझं ऑफिस म्हणजे निगडीच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. नवरा म्हणतो, आपल्याकडे जेवायला जागा नाही, पण सर्व्हर आहे. खरं आहे ते.

या कारखान्यात गाड्यांच्या दारांत बसणाऱ्या नायलॉनच्या क्लिपा बनतात. आठ मशिनं, दोन शिफ्ट. अडचण अशी होती, की क्लिप इथून निघताना चांगली दिसायची आणि गिऱ्हाइकाकडे दारात दाबून बसवताना तुटायची. सगळ्या नाही, मधूनच एखाद्या लॉटच्या. गिऱ्हाइकानं शेवटची ताकीद दिली होती. प्रत्येक लॉटच्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, मशीन आणि चालवणारीचा नंबर असतो, म्हणजे शोधायला माहिती भरपूर होती.

मी म्हटलं, एआयचं मॉडेल मी बनवते, पण ते तुमच्याच कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर चालेल. इंटरनेटची वायर मी स्वतः काढणार. माहितीतलं एक अक्षर गेटबाहेर जाणार नाही.

तो महिना फार मजेत गेला. जुना कॉम्प्युटर, त्यात बसेल एवढं लहानसं मॉडेल आणि धूळ बसलेली दोन वर्षांची रजिस्टरं. पूर्वी ज्या कामाला मोठी टीम आणि मोठी मशिनं लागायची, ते मी एकटी एका कोपऱ्यात बसून करत होते. मॉडेल पहिल्यांदा चाललं तेव्हा मी एवढ्यानं "हाः!" केलं, की शेजारच्या मशीनवरची बाई दचकली.

मॉडेलनं उत्तर दिलं: चौदा नंबर.

चौदा नंबर म्हणजे मावशी. कारखान्यातली सगळ्यांत जुनी कामगार, जवळच्याच वाडीत राहणारी, पाठीला पट्टा बांधून येणारी. तुटलेल्या लॉटपैकी बहुतेकांवर तिचा नंबर होता.

मालक खूश. "बघा! मशीन खोटं बोलत नाही. महिनाअखेर तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. नवं करतच नाही आता."

मीही खूश होते, अर्धा दिवस. घरी येताना तळवड्याच्या चौकात कंपनीच्या बसांमागे अडकले आणि तिथं मला खटकलं. पहिल्या दिवशी याच मालकांनी मला सांगितलं होतं, की नवीन मुलगी आली की तिला शिकायला मावशीच्या हाताखाली देतो, तिच्यासारखा हात कुणाचा नाही. मग सगळ्यांत चांगल्या हातातून सगळ्यांत वाईट माल कसा निघतो?

मॉडेलला हे खटकलं नव्हतं. त्यानं आकड्यांत जे वारंवार एकत्र दिसलं ते दाखवलं आणि ते चूकही नव्हतं. पण दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी भांडायला लागल्या की माणसाला चैन पडत नाही, ते उठून विचारायला जातं. त्या ट्रॅफिकमध्ये मला या बेचैनीचा फार अभिमान वाटला. लगेच स्वतःची लाजही वाटली. माहिती गेटबाहेर जाऊ नये म्हणून मी वायर उपटली होती. गेटच्या आत काय होईल, याचा विचारच केला नव्हता. नंबर चिठ्ठीवर होता म्हणून मी तो मॉडेलला दिला. मॉडेलला एक माणूस सापडलं, मालकांनाही सापडलं आणि दोघांचं शोधणं तिथंच थांबलं. खरं तर मीही थांबलेच होते.

दुसऱ्या दिवशी मी नंबराचा रकाना काढून टाकला आणि मॉडेल पुन्हा चालवलं. या वेळी उत्तर आलं: शुक्रवारचा पहिला लॉट.

मी खुर्चीवरून उठलेच. आमच्याकडे एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे बुधवारी सेकंड शिफ्ट सुटली की शुक्रवार सकाळपर्यंत सगळं बंद. त्या मधल्या वेळात काहीतरी घडत होतं. काय घडत होतं ते मात्र रजिस्टरमध्ये नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सहाला मी गेटवर हजर. मावशी आतल्या शेडचं कुलूप काढत होती.

"आज लई लवकर, मॅडम? घरात भांडन झालं काय?"

"भांडण नाही. तुमचं काम बघायला आले. एकट्याच?"

"व्हय. बाकीच्यांची बस पिंपरीवरनं साताला येती. आमी जवळचं, म्हनून शुक्रवारचं मशीन तापवायचं आमच्याकडं."

म्हणजे चौदा नंबराचं कोडं तिथंच सुटलं. शुक्रवारचा पहिला लॉट कायम तिचाच असायचा. ती प्लास्टिकचा दाणा सुकवायचा ड्रायर चालू करायची, मशीन तापवायची आणि सातला माल सुरू. मशीनवर हा दाणा भरायचा मोठा हॉपर असतो. मी आत डोकावले. काठोकाठ भरलेला.

"हा तुम्ही कधी भरला?"

"मी कुठं भरते? बुधवारी सेकंड शिफ्टच्या पोरी भरून जात्यात. पंचवीस किलोची गोनी मला उचलवत न्हाई, कंबर धरती." तिनं हे अगदी कौतुकानं सांगितलं आणि मग आवाज खाली आणला. "कुनाला सांगू नका हां. ज्या शिफ्टला दाना वापरायचा त्याच शिफ्टला गोनी फोडायची, असा नियम हाय. शेठ वरडतील पोरींना."

म्हणून नोंद नव्हती. नायलॉन हवेतला ओलावा पितो. दाणा बुधवार रात्रीपासून उघड्यावर, ड्रायर बंद. शुक्रवारी तासाभराच्या गरम हवेनं तो वरवर सुकायचा. अशा दाण्याची क्लिप दिसायला बरी असते, फार तर एखादी चंदेरी रेघ. पण ती ठिसूळ होते. पाठ दुखणाऱ्या बाईसाठी चार पोरींनी केलेली मदत, आणि तिच्याच कॉन्ट्रॅक्टवर उलटली होती. हे कुठल्या रकान्यात भरायचं? मला तिथं नाचावंसं वाटत होतं. मावशी माझ्याकडे संशयानं बघत होती.

नऊला मालक आले. मी म्हटलं, "दाणा गुरुवारभर हॉपरमध्ये राहतो."

त्यांनी कपाळावर हात मारला. तेही साचे बनवणाऱ्या टूलरूममधूनच वर आलेले, पुढचं सांगायची गरज नव्हती. "पण बुधवारी भरतं कोण?"

"ते मी सांगणार नाही."

"अहो, माझ्या कारखान्यातलं मलाच सांगणार नाही?"

"नाही. तुम्हाला न तुटणाऱ्या क्लिपा पाहिजेत का नाव पाहिजे?"

ते पुटपुटले, पण हसले. उपाय सोपा होता. हॉपर भरायचा तर भरू दे. गेटवरच्या रात्रीच्या वॉचमननं शुक्रवारी पहाटे दोनला ड्रायरचं बटण दाबायचं. आम्ही त्याला बटण दाखवलं आणि वर लाल रंगानं खूणही केली.

"आणि मावशींचं कॉन्ट्रॅक्ट?"

"एक महिना वाढवतो. महिनाभर बघू. मागचं डोक्यातनं एवढ्यात जात नाही, मॅडम."

मला राग आला. मी तो कामात घातला. मालकांच्या स्क्रीनवर आता फक्त लॉट, मशीन आणि वेळ दिसेल, कुणाचाच नंबर दिसणार नाही, असं करून टाकलं. मोठं काम केल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी मावशी चहाच्या सुट्टीत कारखान्यातल्या माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, कॉम्प्युटरमदनं माजा नंबर काढला म्हनं तुमी?"

"हो. तुमच्या भल्यासाठीच."

"वाईट माल गेला तवा चौदा नंबर व्हता. आता चांगला चाललाय तर कुनाचाच न्हाई व्हय?"

एवढी वर्षं मी खासगीपणावर बोलत आले होते, आणि तो कुणाचा हेच विसरले होते. मी तिला न विचारता तिचा नंबर घातला होता आणि न विचारताच काढला होता. दोन्ही वेळा मलाच सगळं कळत होतं.

पण काय करायचं ते मला चहा निवायच्या आत दिसलं. घरी जाऊन मी दोन दिवस टेबलावरून उठले नाही, जेवणं पोळपाटाशेजारी ओट्यावर झाली. आता प्रत्येक बाईला स्वतःचं पान मिळालं. आपला पासवर्ड टाकायचा, आपले लॉट बघायचे. मालकांना ते दिसत नाही, मलाही दिसत नाही. जिला दाखवायचं ती दाखवेल.

महिना संपायच्या आदल्या दिवशी मावशीनं कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला, एक एक बटण शोधत, ओठांनी पुटपुटत. पान उघडलं. त्या महिन्याचे शुक्रवार, तिचे सगळे लॉट, आणि परत आलेल्या मालाच्या रकान्यात सगळीकडे शून्य.

तिनं ते दोनदा वाचलं. मग ऑफिसच्या काचेवर टिचकी मारली. "शेठ, या जरा हिकडं."

मालक आले, वाकले, बोटानं एक एक ओळ धरून खालपर्यंत गेले. मग आत जाऊन वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टचा कागद घेऊन आले. मावशीनं उभ्याउभ्याच सही केली आणि पेन त्यांच्या हातात ठेवलं.

"बघून झालं न्हवं?" ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आता बंद करा ते पान. सगळ्यांनी बघायला न्हाई ठेवलं."