विकलेला सायलेन्सर

फ्रीज दुरुस्त करून तो पोट भरायचा, पण गल्लीत त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत. कारण त्याच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर. कंपनीचा काढून माळ्यावर टाकला आणि बाजारातला जाड तोंडाचा, चकचकीत बसवला. नाव सायलेन्सर, काम गल्ली उठवायचं!

त्याच्या वडिलांचा जन्म सूतगिरणीत गेला होता. आता फाटक उघडण्याचं काम तेवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. सुनेनं कडीला हात लावलेलाही खपायचा नाही. बाकी माणूस हेकट. विचारावं एक, तर उत्तर भलतंच. रेडिओही बंद केला होता, म्हणे हल्लीच्या बातम्यांत दम नाही. संध्याकाळी गाडी वळणावर आली की उठायचे आणि फाटक उघडता उघडता तोंडाचा पट्टा सुरू.

“आली वाजंत्री! कान किटले माझे. काढून टाक ते धूड!”

भोंग्याला वडिलांकडून ‘बरं केलंस’ असं आजवर कधी ऐकायला मिळालं नव्हतं. एकदा तरी मिळावं, म्हणून त्यानं सायलेन्सर विकायला काढला.

गिऱ्हाईक म्हणून लाँड्रीवाला मिळाला. गॅरेजात त्यानं सायलेन्सर उचलून हलवला, तोंडाला डोळा लावून आत पाहिलं.

“आत काही सुटलंय का?”

“सुटलं असतं तर खुळखुळलं असतं. पण हे बघ, इथे वेल्डिंग केलंय. आत्ताच बघून घे, मागाहून बोंब नको.”

सौदा पटला. मेकॅनिकनं माळ्यावरचा जुना सायलेन्सर बसवला आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

संध्याकाळी भोंगा घरापाशी आला, तर फाटक बंद. वडील अंगणात पाठमोरे बसून कुंडीतली माती उकरत होते. त्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. समोरची शेजारीण खिडकीत आली. वडिलांनी मान वळवली नाही.

त्यानं उतरून फाटक उघडलं, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. वडील दचकले.

“चालत आलास? गाडी कुठे ठेवलीस?”

गाडी त्यांच्या मागे सुरूच होती.

“सायलेन्सर विकला, बाबा.”

वडील त्याच्या ओठांकडे बघत राहिले. त्यानं तेच ओरडून सांगितलं. मग त्यांनी वळून गाडीकडे पाहिलं, उघड्या फाटकाकडे पाहिलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले आणि पुन्हा मातीत हात घातला.

इतक्या वर्षांनी मिळालेला शब्द भोंग्याच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी तो वळणावर आला तेव्हा फाटक सताड उघडं होतं. वडील तिथेच खुर्ची टाकून, रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

“दुपारपासून बसलेत,” बायको म्हणाली. “आत चला म्हटलं तर हलायला तयार नाहीत.”