भोंग्याची ऑर्डर

कॉलेजातच पोरांनी त्याचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं, आणि पुढे नोकरीही नावाला शोभेल अशी लागली: बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. त्याच्या आवाजानं डुलकी घेणारे प्रवासीच काय, ड्रायव्हरसुद्धा दचकून उठत. गेल्या साली घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजही काढून घेतला. जीव वाचला. पण तेव्हापासून भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांशी त्याच्या वतीनं बायकोच बोले, तेही पदरची दोन वाक्यं घालून.

म्हणून कॉलेजच्या दिवसांतल्या लाडक्या पबात जायचं ठरलं, तेव्हा त्यानं आधी तिच्या ओठांवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. तिथे मागणार मी.

“मागा हो. मी तोंडाला कुलूप लावते,” ती म्हणाली.

त्यानं दार ढकललं. आत शांतता होती. पूर्वी भिंतीपलीकडे पत्र्याचे डबे ठोकायचा कारखाना होता. त्या ठणठणाटापुढे भोंग्याचीही डाळ शिजत नसे. आता कारखाना बंद, आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशा, सगळे बोलूनच मागत असतील अशा खोलीत मुका माणूस मागणार कसा? बायकोची जीभ वळवळू लागली.

गल्ल्यावर अजून पबचे जुने मालक, पोरांचे मामाच होते. केस कापसासारखे झालेले, बाकी तसेच. त्यांनी भुवई उडवली आणि तळहात उताणा केला. काय देऊ?

भोंग्याचा हात आपोआप उठला. त्या गोंगाटात सगळी पोरं खुणांनीच तर मागायची! त्यानं नाक चोळलं: खारे दाणे. करंगळी दाखवून बायकोकडे बोट केलं: हिला छोटी बिअर. मग कपाळावर दोन टिचक्या मारल्या: मला लिंबू सोडा. दुसऱ्या दिवशी ज्याचा पेपर असे, त्याची ती खूण.

मामांचे डोळे बारीक झाले, मग लकाकले. “भोंग्या, या वयात कसला रे पेपर?”

त्यानं गळ्यावरचा रुमाल खाली सरकवून व्रण दाखवला. मामांनी अंगठा वर करून नजरेनं विचारलं: आता बरा ना? भोंग्यानं दोन्ही अंगठे वर केले.

“सुटलास म्हणायचं,” मामा म्हणाले. “कारखाना गेला, पण माझी खोड जाईना. गिऱ्हाइकं म्हणतात, म्हातारा हातवारे करतो. आज कुणीतरी उत्तर दिलं बाबा.”

भोंगा खुर्चीत सैलावून बसला, कित्येक महिन्यांत बसला नव्हता तसा.

“अहो, तुम्ही मागवलंत तरी काय?” बायकोचं कुलूप तुटलं. समोर बिअर आली तशी ती लाजली, इकडेतिकडे बघून तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसराही घेतला. बशीतले दाणे संपले, तेव्हा तिनं मामांकडे पाहिलं आणि चकार शब्द न काढता नाक चोळलं.