चिठ्ठीवरचा च

१४ मार्च. रक्कम एक लाख सतरा हजार सहाशे रुपये. एवढ्या रकमेच्या फसवणुकीच्या आरोपातून भंगार लोखंडाच्या वखारीत ट्रक तोलणारा काटेवाला त्या दिवशी सुटला. छप्पन्न खेपा, दर खेपेला सत्तर किलो जास्त, किलोला तीस रुपये. गिऱ्हाइकाने हे सारे जादा भरले होते. वखारीचे मालक खटला उभा राहण्याआधीच वारले, त्यामुळे पिंजऱ्यात काटेवाला एकटाच. न्यायाधीशांनी त्याला संशयाचा फायदा दिला.

"सुटलात ना? मग चेहरा असा का?" बायकोने जिन्यातच विचारले.

"फायदा दिलाय. निर्दोष म्हटलेलं नाही."

"तुम्हाला फायद्यातही तोटाच दिसायचा."

दुसऱ्या दिवशी त्याने वकीलबाईंना गाठले. त्या म्हणाल्या, "एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही, काका. पण अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे. हाच खटला वरच्या मजल्यावर जातो. सरकारला नव्वद दिवसांची मुदत आहे."

"वर पुन्हा साक्षी होतात?"

"सहसा नाही. तेच कागद नव्या नजरेनं वाचतात."

कागदांत वजनाच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या छप्पन्न चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात त्याच्या हातचा बारीक 'च' होता. सरकारी वकील म्हणाले होते, च म्हणजे चोरी. न्यायाधीश म्हणाले, एका अक्षरावरून असे ठरवता येत नाही.

तो च चहाचा होता. गिऱ्हाइकाच्या गाडीचा चालक रिकामा ट्रक काट्यावर लावून समोरच्या टपरीवर चहाला जाई, आणि भरलेला ट्रक तोलताना मात्र आत बसलेला असे. त्याचे सत्तर किलो मालात धरले जात. पुढे कोणी वजावट करील म्हणून काटेवाला खूण करी. वजावट कोणी केली नाही आणि त्यानेही कधी तोंड उघडले नाही. कोर्टात हे सांगणे म्हणजे चूक ठाऊक होती असे कबूल करणे. वकीलबाईंनी गप्प राहायला सांगितले, तो गप्प राहिला.

मग तो दिवस मोजू लागला. दारावर थाप पडली की घास हातातच राही. पोस्टमन शेजारच्यांकडे वळला तरी त्याला घाम फुटे.

"पोस्टमनला आता जावई करून घ्या," बायको म्हणाली. "एवढी वाट तर त्याची आईही बघत नसेल."

१२ जूनला नव्वद दिवस भरले. संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला आणि दोन वर्षांत प्रथमच वखारीच्या रस्त्याला लागला. टपरीवाल्याने लांबूनच हाक मारली.

"काटेवाले, विसरलात की काय? तुमच्या नावावर अठ्ठेचाळीस रुपये आहेत. त्या ड्रायव्हरला पाजायचात ना, त्यातले शेवटचे सहा चहा."

"दोन वर्षांनी आठवतंय तुला?"

"आठवायचं कशाला? वही आहे. पहिल्या चहापासून तारीखवार."

वहीतल्या तारखा आणि चिठ्ठ्यांवरचे च शेजारी ठेवले, तर च म्हणजे काय आणि ते त्याला ठाऊक होते, हे शाळकरी पोरालाही कळले असते.

"सुटे नाहीत," म्हणत तो रस्ता ओलांडून गेला.

१८ जूनला नोटीस आली. अपील १० जूनलाच दाखल झाले होते. त्या दुपारी त्याने बायकोला चहाचे सगळे सांगितले.

"पैसे देऊन वही मागून घ्या," ती म्हणाली.

"मागितली की तो विचारणार, कशाला."

"मग नुसते पैसे द्या."

"पैसे दिले की तो वही उघडणार. पान शोधणार. माझ्यासमोर नाव खोडणार."

"आणि नाही दिले तर?"

"तर मिटलेली राहील."

अपिलाची तारीख १९ ऑगस्ट आहे. तो आता लांबच्या रस्त्याने जातो. टपरीवाल्याचे अठ्ठेचाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.