पेणचं अर्धं, रोह्याचं अर्धं

जुनी पुस्तकं जमवणारी माणसं मोठी उदार असतात, असं कुणी सांगितलं तर बिलकूल विश्वास ठेवू नका. मी स्वतः जमवते, म्हणून सांगते. आम्ही हावरट असतो, मत्सरी असतो, आणि कुणाच्या घरी गेलो की आधी कपाट बघतो, मग माणसं. मला त्याची लाजबीज काही वाटत नाही. रोह्याच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळायची. आठवडाभर नटबोल्ट आणि पिंपं, आणि रविवारी पेण. रद्दी आणायला एवढ्या लांब कशाला जायला हवं, असं घरचे म्हणायचे. मी मात्र पिशवी उचलायची आणि एसटी गाठायची.

पेणला आमचा अड्डा भरायचा एका गणपतीच्या कारखान्यात. मालक स्वतः मूर्तिकार, माझ्याहून बरेच मोठे. आम्ही चार-पाच पुस्तकवेडे त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्याकडे कागदाच्या लगद्याच्या मूर्ती व्हायच्या, त्यासाठी रद्दीची पोती यायची. कागद भिजत घालण्याआधी दादा एकेक पोतं स्वतः उपसायचे. त्यातून त्यांना काय काय सापडायचं ते बघून आमचा नुसता जळफळाट व्हायचा.

अड्ड्याचे कायदे कडक होते. पैशाचं नाव काढायचं नाही, पुस्तकाला पुस्तक द्यायचं. आणि एकाच पुस्तकाच्या दोन अपुऱ्या प्रती दोघांकडे निघाल्या, तर ज्याच्याकडे पानं कमी, त्याने ती दुसऱ्याला देऊन टाकायची. दोघांनी अपुरी ठेवून काय करायचं? निदान एकाचं तरी पुस्तक पुरं व्हावं. कायदा दादांनी केलेला, आणि पाळायचे सगळे. नागोठण्याच्या एका मास्तरांना एक पाकपुस्तक असंच सोडावं लागलं, तेव्हा ते पुढचे कितीतरी रविवार आमच्याशी धड बोलले नव्हते.

मला माझं अर्धं पुस्तक मिळालं खाडीकाठच्या एका मिठागरवाल्यांच्या घरी. देवघरात लाल फडक्यात बांधलेली पोथी, वर हळदकुंकवाचा थर. घरातल्या म्हातारीने मोठ्या कौतुकाने दाखवली. "वाटणीत आमच्याकडं आली. उघडायची नाय, नुसती पुजायची." मी उघडली. आणि मला हसू आवरेना! शिळाछापाचं, म्हणजे दगडावर अक्षरं उमटवून छापलेलं, खूप जुनं पुस्तक होतं ते. पण त्यात देवाचं नाव औषधालाही नव्हतं. गोष्ट होती एका नाखव्याच्या बायकोची. नवरा गलबत घेऊन जातो, गलबत बुडाल्याची खबर येते, आणि पुढे एका दुपारी कुणीतरी दार वाजवतं. पिढ्यान् पिढ्या बिचाऱ्यांनी त्या बाईला दोन वेळा उदबत्ती ओवाळली होती. मी त्यांना ठसठशीत अक्षरांची खरीखुरी पोथी नेऊन दिली, नारळ ठेवला आणि नाखव्याच्या बायकोला रोह्याला आणलं. म्हातारी खूश, मी तिच्याहून खूश.

पण पुस्तक मधोमध फाटलेलं. शेवटची ओळ अशी: दारात उभा राहून तो पुरुष तिला म्हणाला की. बस्स! पुढे काही नाही. काय म्हणाला मेला?

रविवारी मी अड्ड्यावर मोठ्या तोऱ्यात ही गोष्ट सांगितली. दादा गालातल्या गालात हसले. आत जाऊन आले आणि म्हणाले, "त्याच्या पुढचं माझ्याकडं हाय, मॅडम. पोत्यात घावलेलं." मॅडम म्हणायचे ते मला. कंपनीतली बाई म्हणून चिडवायला.

तिथून जे आमचं जुंपलं ते वर्षानुवर्षं. पानं कुणाची जास्त? मी म्हणायची माझी, ते म्हणायचे त्यांची, आणि दाखवायला कुणीच तयार नाही. मोजलं असतं तर एकाला सोडावं लागलं असतं ना! मी विचारायची, "तो दारातला काय म्हणतो, एवढं तरी सांगा." ते म्हणायचे, "आधी ती बाई कोण, कुठली, ते तुम्ही सांगा. मला तर ती डायरेक दारातच भेटली." मीही ताकास तूर लागू दिली नाही. बाकीचे लोक कंटाळून दुसऱ्या विषयाकडे वळायचे. आम्ही दोघं मात्र चहा थंड होईस्तोवर भांडायचो. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू?

मग दादांचा हात थरथरायला लागला. मूर्तीचे डोळे आखायचे म्हणजे हात दगडासारखा स्थिर हवा. आधी डोळे दुसऱ्याकडे गेले, मग रंग, मग कारखानाच बंद करायचं ठरलं. लेक नागपूरला होती, ती त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. कपाटातली पुस्तकं त्यांनी अड्ड्यावर वाटायला काढली. नाखव्याचं अर्धं मात्र बाजूला ठेवलं. मला निरोप आला: आता मोजू या. दोन प्रती दोन गावांत राहिल्या तर दोन्ही कायमच्या अर्ध्या राहतील.

मी गेले ती जिंकायलाच. त्यांचंही तेच. कारखान्यात साचे हलवून झाले होते, चटईवर आम्ही दोघंच बसलो. तुमची मी मोजते, माझी तुम्ही मोजा, असं ठरलं. दादांची बोटं पानावर ठरत नव्हती, पण मी मदत केली नाही. कायदा म्हणजे कायदा. मोजणी संपली तेव्हा त्यांची पानं जास्त भरली. फार नाही, थोडीच. पण जास्त ती जास्त.

इतका राग आला की काय सांगू! पण शब्द दिला होता. मी माझं अर्धं उचललं आणि त्यांच्या अर्ध्यावर आपटल्यासारखंच ठेवलं. "घ्या. झालं समाधान?"

दादांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते वाकून कोपऱ्याकडे बघत होते. माझ्या पानांना कसर लागून खालच्या कोपऱ्यात एक भोक पडलेलं होतं, थेट शेवटपर्यंत गेलेलं. त्यांच्या पानांनाही होतं. दादांनी झाडूची काडी मोडून माझ्या पहिल्या पानातून घातली. ती सरळ त्यांच्या पानांत उतरली. कुठे अडली नाही. फाटलेल्या कडा जुळवून बघितल्या, त्याही एकीत एक बसल्या.

आम्ही इतकी वर्षं ज्याला दोन प्रती समजून भांडलो, ते एकच पुस्तक होतं. म्हातारीचा तो 'वाटणीत' शब्द तेव्हा माझ्या डोक्यात चमकला. भावाभावांची वाटणी झाली असणार, पोथी दोघांनाही हवी, म्हणून देवाला मधोमध फाडून दोघांनी आपापलं अर्धं पुजायला नेलं. एकाच्या नातवंडांनी उदबत्ती लावली, दुसऱ्याच्यांनी रद्दीत घातली.

मी आधाशासारखं त्यांचं पहिलं पान वाचलं. तो पुरुष तिला म्हणाला की, थोडे पाणी मिळेल काय. "एवढंच?" मी किंचाळले. "यासाठी मला इतकी वर्षं टांगून ठेवलंत?" दादा पोट धरधरून हसले, मलाही हसू फुटलं.

मग त्यांनी दोन्ही अर्धी नीट एकावर एक रचली आणि माझ्यापुढे सरकवली. "दोन प्रती असत्या तर कायदा होता. हे एक पुस्तक हाय. खाडीकाठचं हाय, ते इथंच राहू दे. नागपूरला ते ठेवायचं कुठं? लेकीच्या फ्रीजवर?"

मी नको म्हटलं नाही. म्हणजे म्हणायला हवं होतं कदाचित, पण माझे हात आधीच पुढे गेले होते. पुरं पुस्तक! आमच्या अड्ड्यावर कुणाकडेही नसलेलं. मी ते फडक्यात बांधलं, पिशवीत घातलं आणि उठले. दादा माझ्याकडे बघून हसत होते. एखाद्या लेकीची पाठवणी करावी तसं, शांतपणे.

ते हसणं मला सहन होईना. एवढं दुर्मीळ पुस्तक घरी न्यायचं, आणि पुढच्या रविवारी पेणला यायचं ते कुणाच्या नाकावर टिच्चून? मास्तरांच्या? त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. ज्याला हे पुस्तक डोळ्यांत खुपलं असतं, असा जगात एकच माणूस होता आणि तो सामान बांधून बसला होता. मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले, चपला पायात घालता घालता.

"असं हसू नका हो," मी म्हटलं. "इतकी वर्षं भांडलात. आता जरा तरी जळा ना!"

दादांचं हसू गेलं. थरथरता हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. आजवर मॅडमशिवाय त्यांनी मला दुसरी हाक मारली नव्हती.

"जळतोय गो," ते म्हणाले. "लय जळतोय. तू जा आता, एसटी जाईल."