हिरव्या खुणेची पोरगी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातल्या एका गावात रीताबाई अंगणवाडी चालवतात. आमच्याकडे धान निघालं की अर्धं गाव मिरची तोडायला तेलंगणात जातं, आणि लेकरंही आईबापांसोबत जातात. सरकारी फोनला दर महिन्याला प्रत्येक लेकराचं वजन पाहिजे. वजन करायला आधी लेकरू लागतं, हे त्या फोनला कोण सांगणार? रकाना रिकामा राहिला की जिल्ह्याच्या पडद्यावर गाव लाल होतं आणि सुपरवायझर मॅडम विचारतात, "तुमचंच गाव काऊन मागं?"

म्हणून मिरची तोडायला गेलेल्या रीनाची पोरगी गावात नसतानाही रीताबाईंनी तिचं वजन भरलं. दर महिन्याला थोडं वाढवलं, घरी असती तर वाढलं असतं तेवढंच. गाव हिरवं राहिलं.

परवा रीना परतली. कडेवरच्या पोरीचे पाय काड्यांसारखे झाले होते. रीताबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि दिसला तो आकडा भरला. फोननं तो घेतलाच नाही. वजन एवढं उतरू शकत नाही, पुन्हा तपासा, असं पडद्यावर आलं. त्यांनी पुन्हा भरला, पुन्हा तेच. फोननं वजन घेतल्याशिवाय दवाखान्यात भरतीची चिठ्ठी निघत नाही. मॅडमला खरं सांगावं, तर नोकरी जाते.

"बाई, बरी हाये ना पोरगी?" रीनानं विचारलं. "मले लय हलकी लागून राह्यली."

रीताबाईंनी फोनकडे पाहिलं. त्यात रीनाची पोरगी चांगली गुटगुटीत होती.